सहा तासांची खाडी

कळंबहून गोव्याला निघालेल्या आमच्या मंडळींनी पणजीच्या क्रूझची तिकिटे आधीच काढून ठेवली होती. मला मात्र रायबंदरच्या रस्त्यावरून मांडवीपलीकडे दिसलेली तिवरांची रांग सोडवेना. ते चोडण बेट. त्याच्या टोकाला 178 हेक्टरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. एकराच्या भाषेत 440. सलीम अली गेले 1987 मध्ये, अभयारण्य झाले 1988 मध्ये.

फेरीबोटीने पलीकडे उतरलो. होडीवाल्या मामांनी आभाळाकडे पाहिलेच नाही; चिखलात रोवलेल्या काठीवरची ओल पाहिली. "सहा तास भरती, सहा तास सुकती. आत्ता निघालो तर खाडी आत घेईल."

आम्ही मांजरा नदीकाठची माणसे. धनेगावच्या धरणात पाणी येते ते पावसाळ्यात, तेही आले तर. 2016 मध्ये धरण इतके आटले की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि इथे सहा तासांनी! हेवाच वाटला.

आत शिरताच मामांनी इंजिन बंद करून वल्हे घेतले, आणि वास आला. नासक्या अंड्याचा. चिखलात हवा नाही, पाला तिथेच कुजतो, त्याचा हा वास. नंतर कपड्यांनाही येत राहिला. आमच्याकडे रान चिबडले की तूर पिवळी पडून बसते, कारण मुळे गुदमरतात. तिवराने त्यावर तोड काढली आहे: मुळेच चिखलाबाहेर वर काढायची आणि श्वास घ्यायचा. त्या बोटभर मुळांना धक्का नको म्हणून मामा होडी हातभर लांबून नेत होते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि भाड्यातही धरलेले नव्हते.

मागे बसलेल्या गृहस्थांना मगर हवी होती. दर वळणावर तोच प्रश्न. मामा दाखवत होते निवट्या, म्हणजे परांवर रेटत चिखलात चालणारे मासे. एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे. मुळावर बसलेला खंड्या. मासा पाण्याबाहेर येऊन चालतो आहे आणि गृहस्थांचा मोबाईल खिशात! माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मामांनी होडी वळवली. "सुकती लागली."

"दहा मिनिटं थांबा की, मगर येईल."

"थांबूया. होडी रुतली तर मग पुढची भरती येईपर्यंत. सहा तास."

गृहस्थ मुकाट बसले.