शुल्क भरतो कोण, भार सोसतो कोण?

हिवाळी अधिवेशन आले की नागपूरच्या धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघू लागतात. जवळच टिळक पत्रकार भवनात एकामागून एक पत्रकार परिषदा होतात. कर्जमाफी आणि हमीभाव या जुन्या मागण्यांच्या जोडीला आता ‘टॅरिफ’ हा शब्दही रुळला आहे. अमेरिकेने 2025 मध्ये लावलेले 50 टक्के, बांगलादेशने संत्र्यावर लावलेले आणि आपल्याकडचे कापसावरचे 11 टक्के, अशा तिन्ही शुल्कांची चर्चा एकाच दमात होते. तीत काही गैरसमज पक्के बसले आहेत.

गैरसमज : अमेरिकेने शुल्क लावले, म्हणजे ते भारताने भरायचे.

वस्तुस्थिती : आयात शुल्क भरतो तो माल मागवणारा. अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देत 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के शुल्क लावले. ती रक्कम अमेरिकी आयातदाराने अमेरिकेच्या तिजोरीत भरायची होती, भारत सरकारने नव्हे.

पण भरणारा आणि सोसणारा एकच असतो असे नाही. आयातदार ही रक्कम ग्राहकाकडून वसूल करू शकतो, स्वतःच्या नफ्यातून सोसू शकतो किंवा पुरवठादाराला ‘भाव कमी कर’ म्हणू शकतो. ऑगस्ट 2025 मध्ये बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावर 20 टक्के शुल्क असताना भारतीय कपड्यांवर 50 टक्के होते. त्यामुळे खरेदीदाराकडे पर्याय होता आणि आपला निर्यातदार पेचात सापडला. कपड्यांची मागणी घटली की सूतगिरणी हात आखडता घेते, मग जिनिंग आणि शेवटी कापूस उत्पादक. शुल्काची पावती न्यूयॉर्कच्या बंदरात फाटली, तरी तिची झळ वर्धा-यवतमाळच्या शेतापर्यंत पोचते ती अशी.

गैरसमज : बांगलादेशने संत्र्यावर शुल्क वाढवले, तर महाग संत्रा तिथला ग्राहक खाईल. आपले काय जाते?

वस्तुस्थिती : नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. तिथले शुल्क 2019 मध्ये किलोमागे 20 रुपयांच्या घरात होते, ते 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेले. निर्यात घसरली. ढाक्याच्या ग्राहकाला दुसरे फळ घेता येते. आपल्या बागायतदाराला तशी सोय नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळ नाजूक असते, त्यात बिया असतात. रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडवट होतो. त्यामुळे ते लांबच्या बाजारात पाठवणे किंवा साठवून ठेवणे अवघड. आंबिया बहार तोडणीला आला की फळ फार दिवस झाडावर ठेवता येत नाही.

बांगलादेशकडे न गेलेला माल मग देशातल्याच बाजारात, नागपूरच्या कळमन्यातही, येतो आणि ज्याने कधी एक पेटीही निर्यात केली नाही, त्याच्याही संत्र्याचा भाव उतरतो. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने या शुल्काच्या निम्मे, म्हणजे किलोमागे 44 रुपये, अनुदान जाहीर केले. शुल्क लावले ढाक्याने आणि तिजोरी हलली मुंबईची! 2014 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने नावाला संरक्षण दिले, पण सीमेवरच्या शुल्कापुढे त्याचा उपयोग नाही.

गैरसमज : आयात शुल्क काढले, एवढ्यानेच कापूस पडला.

वस्तुस्थिती : अर्धे खरे. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात कापसावर 5 टक्के सीमाशुल्क, 5 टक्के कृषी अधिभार आणि या दोन्हींच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार लागला, म्हणून एकूण 11 टक्के. केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून ते माफ केले. मुदत आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली.

आता हिशेब करू. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. शुल्क लागते ते रुईवर. बाहेरून येणारी रुई किलोला 150 रुपये धरली, तर 34 किलोवर 11 टक्के म्हणजे सुमारे 560 रुपये. क्विंटलमागे संरक्षण गेले ते साधारण एवढे. भाव यापेक्षा जास्त तुटला असेल, तर बाकीची कारणे जागतिक बाजारातली मंदी, सरकीचा दर आणि मालातला ओलावा यांत शोधावी लागतात. उलट उदाहरणही आहे. एप्रिल 2022 मध्येही हे शुल्क माफ झाले होते, पण त्या हंगामात जागतिक भावच चढे होते आणि विदर्भात कापूस दहा हजारांच्या वर विकला गेला होता.

मग 2025 च्या निर्णयावरचा राग निराधार आहे का? नाही. नवा कापूस बाजारात येऊ लागतो ऑक्टोबरपासून. वाढीव मुदतीने नेमके तेच महिने व्यापले.

गैरसमज : हमीभाव जाहीर झाला, की तो मिळणारच.

वस्तुस्थिती : 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये जाहीर झाला. पण त्या भावाने खरेदी करण्याचे बंधन खाजगी व्यापाऱ्यावर नाही. ती खरेदी भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय करते. त्यासाठी नोंदणी लागते, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापले जातात आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतलाच जात नाही. ज्याला उधारी फेडण्यासाठी दिवाळीआधी रोख हवी असते, त्याला थांबणे परवडत नाही. 1972 मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेची आठवण अनेकांना आहे, पण तेव्हा कायद्याने खरेदीदारच एक होता. आजची व्यवस्था तशी नाही.

गैरसमज : विधानभवनावर मोर्चा नेला, की शुल्क बदलेल.

वस्तुस्थिती : सीमाशुल्क आणि परदेशी व्यापार हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहेत. मुंबईचे किंवा नागपूरचे अधिवेशन फार तर शिफारस करू शकते. अनुदान, बाजार समित्यांची व्यवस्था, प्रक्रिया उद्योगांना मदत ही मात्र राज्याची जबाबदारी, आणि तिचा जाब इथेच विचारता येतो.

या सगळ्याचे सूत्र एकच. शुल्काची पावती कोणाच्याही नावाने फाटो, ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याच्यावर भार येऊन पडतो. कापूस पेरणाऱ्याचे पर्याय जूनमध्येच संपतात. 2025 मध्ये त्याने पेरणी केली तेव्हा 11 टक्के शुल्क होते आणि बोंडे लागेपर्यंत ते शून्य झाले होते. गिरण्यांना स्वस्त रुई हवी ही गरज खरी आहे, दर कमी-जास्त करण्याचा अधिकारही सरकारचा आहे. पण हंगामापुरता तरी तो दर पेरणीआधी जाहीर करून पाळला, तर कापूस लावायचा की सोयाबीन-तूर, हे शेतकऱ्याला हिशेब करून ठरवता येईल. मोर्चाच्या निवेदनात सर्वांत वर ही मागणी असायला हवी, आणि निवेदनावर पत्ता दिल्लीचा.