गाणे दुकानातून गेले, हुन्नर उरला

वेंगुर्ल्यासारख्या बंदराच्या गावी कॅसेटचे दुकान म्हणजे एके काळी चालता धंदा. आखातातून सुटीवर आलेला भाऊ टू-इन-वन घेऊन येई आणि मग घरात कव्वाली, नात, सिनेगीते यांच्या कॅसेटी जमत. दुकानदाराला नफा मिळे, माईकवाल्याला लग्नसराईत काम मिळे. बेल्ट बदलणाऱ्या, हेड साफ करणाऱ्या कारागिराचीही रोजी निघे. एका कॅसेटमागे तीन घरांची चूल पेटत होती.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि सोनीने १९७९ साली वॉकमन. वॉकमनमुळे चारचौघांत ऐकायचे गाणे एकट्याच्या कानात गेले. तरी माल दुकानातच होता. खरा फरक एमपी-थ्रीने केला. ऑडिओ सीडीवर जेमतेम ऐंशी मिनिटांचे संगीत मावे. तेवढ्याच सीडीवर शंभराहून अधिक गाणी बसू लागली. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले आणि घरबसल्या एकमेकांची गाणी उतरवून घेण्याची सवय लागली. कोर्टाच्या हुकुमानंतर २००१ साली ते बंद पडले, सवय मात्र राहिली. त्याच वर्षी आयपॉड आला.

आपल्याकडे हा बदल मेमरी कार्डाच्या रूपाने आला. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यावे आणि थोड्या पैशांत शेकडो गाणी भरून घ्यावीत! कॅसेटवाला बसला. पण कार्ड भरणाराही फार दिवस टिकला नाही. एकाने भरलेले गाणे ब्लूटूथने दहा जणांकडे फुकट जाऊ लागले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि कार्डाचीही गरज उरली नाही.

व्यापारी बंधूंनो, यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली हलाल कमाईची. परवानगीवाचून गाणी भरून विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. कलम ६३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गाणे हातात धरता येत नाही म्हणून ते बेवारस ठरत नाही. गाणारा, वाजवणारा, लिहिणारा हेही आपल्यासारखेच कारागीर आहेत. आपल्या मालाची चोरी झाली तर आपण गप्प बसू काय?

दुसरी गोष्ट धंद्याची. ज्या मालाची नक्कल फुकट होते त्यावर पेढी उभी राहत नाही. ज्याने फक्त कॅसेट विकली त्याचे दुकान मिटले. ज्याच्या हातात सोल्डरिंगची कला होती तो मोबाइल आणि स्पीकर दुरुस्तीकडे वळू शकला. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्याचा फोटो फोनवरून जगभर जाईल, खेळणे मात्र कारागिराच्या हातूनच यावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : मुलाला गल्ल्यावर बसवण्याआधी त्याच्या हातात एखादा हुन्नर द्या. माल बदलत राहील. हुन्नर आणि इमान असेल तर बरकत, इन्शाअल्लाह, राहील.