पंख शेवटी लावायचे असतात

मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नव्हती; यंत्रं आणि अवजारं अरुंद जिन्यातून वर चढवावी लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा विमान सुटं करून क्रेननं खाली उतरवलं, मैदानावर नेलं आणि तिथं पुन्हा जोडलं. पुढं नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली, क्रमांक व्हीटी-एनएमडी. ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत उठलं.

हेच धुळे सोलापूरहून बीडमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. त्याच रस्त्यावरच्या बीड जिल्ह्यात नियमित विमानसेवा नाही. जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा. त्यामुळं इथल्या एखाद्या हुन्नरी माणसानं विमान बांधायचं मनात आणलं, तर ‘एवढा मोठा शेड आणायचा कुठून?’ हा प्रश्न त्याला सगळ्यात आधी अडवतो. तो प्रश्नच एका गैरसमजावर उभा आहे: पंख पसरून उभं राहील एवढी जागा असल्याशिवाय विमान बांधताच येत नाही.

माणसानं बांधलेलं पहिलं यशस्वी विमानसुद्धा एवढ्या जागेत बांधलेलं नाही. राइट बंधूंचं १९०३ चं ‘फ्लायर’ अमेरिकेतल्या डेटन गावी त्यांच्या सायकलच्या दुकानात तयार झालं. पंखांचा विस्तार बारा मीटरहून थोडा जास्त होता. त्याचा नुसता मधला भाग जोडला, तरी दुकानाच्या पुढच्या आणि मागच्या खोलीमधली वाट बंद व्हायची. गिऱ्हाईक आलं, की भावांना बाजूच्या दारानं बाहेर पडून, वळसा घालून पुढं यावं लागे. पूर्ण विमान त्या दुकानात कधी उभंच राहिलं नाही. सुटे भाग पेट्यांतून किटी हॉकला गेले आणि जोडणी तिथल्या वाळूवरच्या शेडमध्ये झाली. १७ डिसेंबरला ते उडालं.

आजही घरगुती विमानं याच रीतीनं होतात. व्हॅन्स या अमेरिकी कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांतून जगभरात हजारो विमानं उभी राहिली. त्यातल्या आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचा पंखविस्तार २५ फूट आहे. म्हणजे एकेक पंख साधारण अकरा-बारा फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद. असे दोन पंख गादी लावलेल्या घोडीवर, पुढची कड खाली करून, भिंतीलगत उभे ठेवता येतात. उरलेल्या जागेत धड तयार होतं. एका मोटारीचं गॅरेज याला पुरतं. पंख कायमचे लागतात ते धावपट्टीजवळ.

दुसरा गैरसमज असा, की एकदा लावलेला पंख पुन्हा काढला तर विमान कमकुवत होतं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरचे पंख निघावेत अशीच त्याची रचना असते. पिना काढल्या, की पंख ट्रेलरमध्ये बसतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा लागतात. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात ‘अलिझे’ विमान ठेवलं आहे. विमानवाहू जहाजावर जागा वाचावी म्हणून त्याचे पंख दुमडत. सेस्ना १७२ सारख्या रोजच्या वापरातल्या विमानाचा पंखसुद्धा वर धडाशी दोन बोल्टांनी आणि खाली तिरप्या आधारदांड्यानं धरलेला असतो. सांधा सुटण्याजोगा असणं हा दोष नाही. दोष उद्भवतो तो सांधा ढिला असेल तर.

बीडच्या माणसाला हे उसाच्या ट्रॉलीवरून लगेच कळेल. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका पिनेवर जोडलेली असते आणि त्या पिनेला भोकात मुद्दाम खेळ ठेवलेला असतो. वळणावर तो लागतोच. पंखाच्या बोल्टाला मात्र असा खेळ अजिबात चालत नाही. पंखाच्या आत टोकापर्यंत जाणारा कणा असतो, त्याला स्पार म्हणतात. विमानाचं सगळं वजन हवेत त्याच्यावर तोललेलं असतं आणि ते धडाकडं पोचतं बोल्टांतून. भोक किंचित मोठं झालं, तर प्रत्येक झटक्याला धातू धातूवर घासतो, भोक आणखी मोठं होतं आणि तिथूनच तडा सुरू होतो. म्हणून तो बोल्ट हलक्या ठोक्यानं बसेल, इतक्या नेमक्या मापाचा असतो.

‘मग जोर लावून आवळला की झालं’ असं वाटेल, तेही चूक. ठरल्यापेक्षा जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि आतूनच दुबळा होतो. किती आवळायचं त्याचा आकडा ठरलेला असतो, तो टॉर्क पान्यावर बघूनच आवळायचं.

खरी कसोटी मात्र भोक पाडण्याआधीची. अनेक संचांत मागच्या स्पारचं भोक बांधणाऱ्यालाच पाडायचं असतं आणि ते एकदाच पाडता येतं. पंख किती अंशांनी वर वळलेला आहे, तो मागं-पुढं झुकला नाही ना, हे सगळं त्या भोकानं कायमचं ठरतं. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत साधारण बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट धातू उरायला हवा. तेवढा उरला नाही, तर तो भाग बदलावा लागतो.

हे मोजायला महागडी यंत्रं लागतात, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गवंड्याची अवजारं पुरतात. पंखाच्या पुढच्या कडेवरून, मुळाशी आणि टोकाशी ओळंबे सोडायचे. सरळ पंखाच्या विमानात दोन्ही बाजूंचे चारही ओळंबे एका दोरीत यायला हवेत. शेपटापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर सारखं हवं. दोन्ही टोकांची उंची पाणी भरलेल्या लेव्हल पाइपनं जुळवता येते. दोन्ही पंख एकदम लावायला जागा नसेल, तर फरशीवर धडाची मध्यरेषा खडूनं आखायची, ३-४-५ च्या मापानं काटकोन काढायचा, धड एका भिंतीकडं सरकवून एक पंख लावून मोजायचा, काढून ठेवायचा आणि मग दुसरा घ्यायचा. घराच्या पायाची आखणी करणाऱ्याला यातलं काहीच परकं नाही. वेळ जास्त लागतो, एवढंच.

जुगाडानं उडता येतं, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण कारागिरानं स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. हेलिकॉप्टरचं पातं म्हणजे फिरता पंखच. त्याच्या हातातल्या कौशल्याबद्दल शंका नव्हती. आपलं काम दुसऱ्या जाणकारानं तपासण्याची व्यवस्था त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, याचं दुःख वाटतं.

अशा तपासणीची गरज मोठ्यांनाही असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये दुरुस्तीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर जेटमध्ये एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडं कलवणारी फळी. वैमानिकांनी दीर्घ झुंज देऊन ते विमान कसंबसं बेजाच्या तळावर उतरवलं.

म्हणून पंख लावल्यावर, इंधनाची नळी आणि वायरी जोडून झाल्यावर, वैमानिक विमान कलवण्याचा दांडा मुठीत धरतो आणि अंगठा सरळ वर ठेवतो. दांडा डावीकडं झुकवला, की अंगठा डाव्या पंखाकडं रोखला जातो आणि त्याच पंखाची फळी वर उठायला हवी. मग उजवीकडं. त्यानंतर हीच पाहणी दुसरा माणूस, पहिल्याला न विचारता, पुन्हा करतो.