पेटीतला पहिला मान रिंग पान्याला

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावला जातो. त्यामुळे इथल्या गॅरेजच्या पेटीत मोटारसायकलचा १० नंबरचा टी-पानाही हवा आणि ट्रकच्या चाकाचा ३२-३३ मिमीचा बॉक्स पानाही.

जुन्या गाडीवर सगळ्यात भरवशाचा रिंग पाना. साधा फिक्स पाना नटाच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. नट गंजलेला असला की पाना सटकतो, कोपरे झिजतात आणि मग छन्नी-हातोड्याशिवाय गत्यंतर नाही. रिंग सहाही कोपरे एकदम पकडते. पाने-पकडींसाठी घरोघरी ठाऊक असलेल्या टपारियाचा कारखाना शेजारच्याच नाशिकला, सातपूरला आहे.

हवेची गन नट काढायला उत्तम. बसवताना मात्र पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवावेत. नट तिरका बसला तर गन आटे कापून टाकते. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. बहुतेक छोट्या कारना ती १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असते. चाक बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा एकदा तपासून घ्याच.