डोळ्यांखालचे खळगे भरण्यापूर्वी

दिवाळी सरल्यावर एका सायंकाळी सत्तरीच्या एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. नातीचे लग्न माघात ठरले होते. "डॉक्टर, भेटेल तो विचारतो, बरं नाही का? डोळ्यांखाली हे खड्डे पडलेत. ते भरून देतात म्हणे, खरं का?" सून संकोचून हसली. मला मात्र त्यात हसण्याजोगे काही वाटले नाही. सत्तरीतही नीटनेटके दिसावेसे वाटणे ही लाजण्याची गोष्ट नव्हे.

उत्तर देण्याआधी मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले. 8 महिन्यांत वजन 6 किलोंनी उतरले होते. कवळी सैल झाल्यापासून भाकरी आणि उसळ सुटली होती, पेज आणि चहा-बिस्किटांवर दिवस निघत होते. घरात हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

वयोमानाने डोळ्यांखालचे हाड झिजते, गालावरची चरबी ओसरते, त्वचा पातळ होते आणि पापणी व गाल यांच्या सीमेवर खळगा दिसू लागतो. हे सारे वर्षानुवर्षे सावकाश घडते. थोड्या महिन्यांत डोळे खोल गेले असतील, तर आधी कारण शोधावे. शरीरातील पाणी कमी होणे, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, क्वचित कर्करोग यांची पहिली खूण चेहऱ्यावर उमटू शकते. आणखी एक कारण सहसा निसटते. काचबिंदूसाठी दिले जाणारे लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट यांसारखे थेंब डोळ्याभोवतीची चरबी कमी करतात. थेंब एकाच डोळ्यात घालत असाल, तर तोच डोळा अधिक खोल दिसतो. म्हणून ते परस्पर बंद मात्र करू नयेत; काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, पर्यायी औषधे असतात.

आता उपचारांविषयी. मलमांनी त्वचा थोडी तुकतुकीत होते, खळगा भरत नाही. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टोचण्याच्या उपचाराला अजून भक्कम पुरावा नाही. सर्वाधिक वापरले जाते ते हायलुरोनिक आम्लाचे फिलर. सुई किंवा बोथट नळीने ते खोलवर भरतात. परिणाम साधारण 9 ते 18 महिने टिकतो आणि न आवडल्यास हायलुरोनिडेज या द्रव्याने ते विरघळवता येते. मात्र ते पाणी धरून ठेवते. ज्यांचे डोळे सकाळी सुजतात, त्यांची सूज त्याने वाढू शकते. पातळ त्वचेखाली उथळ भरल्यास निळसर झाक दिसते.

एक धोका दुर्मीळ असला तरी सांगितलाच पाहिजे. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरले, तर त्वचा मरू शकते, दृष्टीही कायमची जाऊ शकते. टोचताना वा त्यानंतर तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरी पडली किंवा अंधुक दिसू लागले, तर एक क्षणही थांबू नये. म्हणूनच हे काम सौंदर्यप्रसाधनगृहात नव्हे, तर हायलुरोनिडेज हाताशी ठेवणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच करावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास काळेनिळे डाग पडण्याचा संभव अधिक. त्या गोळ्या मनाने थांबवणे हे खळग्यापेक्षा कितीतरी घातक.

पापणीखाली पिशव्या आणि त्यांच्या खाली खळगा असे दोन्ही असेल, तर शस्त्रक्रियेने पुढे आलेली चरबी खळग्यात सरकवता येते. हा परिणाम अनेक वर्षे टिकतो. परंतु रक्तदाब व साखर आटोक्यात हवी आणि डोळे कोरडे राहत असतील तर ते आधी सांगावे.

आजींच्या तपासण्यांत दुसरे काही निघाले नाही. कवळी नवी बसवली; मऊ खिचडी, अंडी, दही आणि पिठल्याने माघापर्यंत अडीच किलो वजन परतले. खळगे थोडे उथळ झाले, पुरते गेले नाहीत. लग्नानंतर त्या पुन्हा आल्या, फिलरचा विचार कायम ठेवूनच. मी त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि तिच्यामागे त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांची यादी जोडली.