नातवंडाचा खोकला: आजीचा बटवा आणि श्वासांची मोजणी

मार्गशीर्ष उजाडतो, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो आणि शहादा परिसरात थंडी अंगाला झोंबू लागते. दिवसा ऊन, रात्री सातपुड्याच्या पायथ्याचा गारठा, रस्त्यावर उसाच्या वाहनांचा धुरळा आणि घरात चुलीचा धूर असे हे दिवस असतात. या काळात घरोघरी लहान मुलांचा खोकला ऐकू येतो. आईवडील शेतावर किंवा नोकरीवर जातात. मूल आजीआजोबांच्या मांडीवर असते. रात्री त्याच्या उशाशी जागणारेही बहुधा तेच असतात. म्हणून हे लेखन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

खोकला कशासाठी येतो?

श्वासनलिकेत साचलेला कफ, धूळ किंवा जंतू बाहेर टाकण्यासाठी शरीराने योजलेली ती व्यवस्था आहे. बहुतेक मुलांना सर्दीच्या विषाणूंमुळे खोकला होतो. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे अस्वाभाविक नाही. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, परंतु खोकला दहा-बारा दिवस, क्वचित तीन आठवडेही रेंगाळतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. अशा खोकल्यात मुलाला आराम मिळावा आणि त्याची झोप व आहार सांभाळला जावा, एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असते. ते घरच्या साध्या उपायांनी साधते.

बटव्यातील उपयुक्त उपाय

मध हा त्यातील सर्वांत भरवशाचा उपाय. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला निजण्यापूर्वी अर्धा ते एक चहाचा चमचा मध द्यावा. अमेरिकेत २००७ मध्ये आणि इस्रायलमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मधाने रात्रीचा खोकला कमी होऊन मुलांना व पालकांना बरी झोप लागल्याचे दिसले. मात्र एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात काही वेळा असलेले जिवाणूंचे बीजाणू इतक्या लहान आतड्यात वाढून विष निर्माण करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. बाळगुटी मधात उगाळण्याची रीत याच कारणासाठी सोडून द्यावी.

कोमट पाणी, वरणाचे पाणी, मुगाचे कढण, तांदळाची पेज थोड्या थोड्या वेळाने द्यावी. त्यामुळे कफ पातळ होतो. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूधच अधिक वेळा पाजावे. आले-तुळशीचा सौम्य, कोमट काढा किंवा हळदीचे दूध मोठ्या मुलाच्या घशाला सुखावते. हे पदार्थ आजार पळवून लावत नाहीत, पण रात्र सुसह्य करतात. नाक चोंदले असेल तर दुकानात मिळणारे सलाईनचे थेंब नाकात घालावेत. चोंदलेल्या नाकाने बाळाला दूध ओढता येत नाही. पाजण्यापूर्वी नाक मोकळे केले तर ते पोटभर पिते. आणि ज्या खोलीत मूल निजते तेथे विडी, चूल, उदबत्ती, डास पळवणारी अगरबत्ती यांपैकी कशाचाही धूर नसावा.

हे मात्र कटाक्षाने टाळावे

नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून निमोनिया होऊ शकतो. कापूर पोटात गेल्यास मुलाला आकडी येऊ शकते. कापूर घातलेले तेल किंवा बाम दोन वर्षांखालील मुलाच्या छातीला व नाकाला लावू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देताना भाजण्याचे अपघात घडतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक-शेगडी केल्यास साचणारा विषारी वायू बाळाला आणि बाळंतिणीला प्राणघातक ठरू शकतो. ब्रँडीचे थेंब, उगाळलेले वेखंड वा जायफळ यांनी मूल शांत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते गुंगीत जाते आणि आजार आत वाढत राहतो. पोटावर वा छातीवर चटके देण्याने तर कोणताही आजार बरा होत नाही. बाळाच्या दुःखात जखमेची भर तेवढी पडते.

बाटलीतील औषधाविषयी

घरगुती उपायांनी दोन दिवसांत खोकला थांबला नाही की पावले औषधाच्या दुकानाकडे वळतात. शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे घडले ते येथे आठवणे आवश्यक आहे. ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. त्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. त्याची अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्के आहे. ज्येष्ठ वाचकांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १९८६ ची दुर्घटना आठवत असेल. तेथे ग्लिसरीनमधील भेसळीने चौदा रुग्णांचा बळी घेतला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली होती. ते विषही हेच होते.

छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना दिली की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्याचे कारण नाही. भेसळ नसली तरी या औषधांनी लहान मुलांना फारसा लाभ होत नाही. गुंगी आणि श्वास मंदावणे हे धोके मात्र राहतात. तेव्हा मागच्या वर्षीची उरलेली बाटली, शेजारच्या मुलाला लागू पडलेली बाटली किंवा दुकानदाराने सुचवलेली बाटली, यांपैकी काहीही नातवंडाला देऊ नये.

मग ओळखावे कसे?

खोकल्याच्या आवाजावरून आजाराची तीव्रता कळत नाही. घर दणाणून सोडणारा खोकला निरुपद्रवी असू शकतो आणि निमोनिया झालेले मूल जेमतेम खोकते. खरी खूण श्वासाच्या गतीत असते. फुप्फुसे आजारी पडली की मूल भराभर श्वास घेऊ लागते.

आपल्याच राज्यात गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हे तत्त्व खेड्यापाड्यांत नेले. निरक्षर दाईंनाही श्वास मोजता यावेत म्हणून त्यांच्या संस्थेने मण्यांची चौकट आणि एक मिनिटाची वाळूची घडी असे साधन तयार केले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर निमोनिया समजायचा. दाई आणि आरोग्यसेवकांनी वेळेवर ओळख व उपचार केल्यामुळे तेथील बालकांचे निमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जे त्या दाईंना जमले ते कोणत्याही आजीआजोबांना जमेल. मूल शांत किंवा झोपलेले असावे. रडताना वा दूध पिताना मोजू नये. अंगावरचे कपडे वर करून भरपूर उजेडात पोट-छातीची हालचाल पाहावी. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. दर दहा श्वासांना एक चिंचोका बाजूला ठेवावा आणि घड्याळ पूर्ण एक मिनिट लावावे. पुढील आकडे कागदावर ठळक लिहून कपाटाला चिकटवून ठेवावेत:

- दोन महिन्यांखालील बाळ: मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास
- दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा अधिक
- एक ते पाच वर्षे: ४० किंवा अधिक

आकडा मोठा आला तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. काढ्याचा आणखी एक प्रयोग करीत बसू नये. कुपोषित मुलात ताप किंवा जलद श्वास ही लक्षणे काही वेळा दिसतच नाहीत. अशा मुलाचा खोकला पहिल्या दिवसापासून गंभीर मानावा.

रात्रीही थांबू नये अशी लक्षणे

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, शांत असतानाही घशातून आवाज येणे, ओठ वा जीभ निळसर दिसणे, दूध-पाणी घेता न येणे, प्रत्येक घोट उलटून पडणे, आकडी, किंवा मूल हाकेला साद न देता मलूल पडणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला, ते गार पडले किंवा दूध ओढेनासे झाले तरीही हेच करावे. खेळता खेळता मुलाला अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेत अडकला असण्याची शक्यता असते. ठसका नंतर थांबला तरी तपासणी करून घ्यावी. मोजणीसाठी वापरलेले चिंचोकेही मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, विशेषतः वजन घटत असेल किंवा घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर, तपासून घेतलाच पाहिजे. खोकल्याची लागोपाठ उबळ, शेवटी आत ओढलेला लांब श्वास आणि मग उलटी ही डांग्या खोकल्याची खूण होय. तो आणि निमोनियाचे काही प्रकार लसीने टळतात. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे डोस हुकतात. गावी परतताच आशाताईंकडून लसीकरणाचे कार्ड पाहून ते पूर्ण करावेत.

आजीच्या बटव्याचे मोल मोठे आहे. त्यातील मध, कढण आणि मायेचा हात मुलाला धीर देतात. त्याच बटव्यात आता एक मिनिटाची मोजणी ठेवावी. आज रात्री नातवंड निरोगी असतानाच त्याचे श्वास एकदा मोजून पाहावेत, म्हणजे गरजेच्या वेळी हात चाचपडणार नाहीत.