एक वाचनखूण, अनेक बिल्ले

ज्या ग्रंथालयात कोश वाचकाच्या स्वाधीन केला जात नाही, अशा एका ग्रंथालयाची कल्पना करावी. वाचकाला मिळतो तो केवळ क्रमांक कोरलेला एक बिल्ला. बिल्ला दाखविला की सेवक आतल्या दालनात जातो, खुणेच्या पानापासून पुढचा मजकूर उतरवून आणतो आणि खूण तितकी पुढे सरकवून ठेवतो. संगणकातील आज्ञावली व फाईल यांचा संबंध बराचसा असाच असतो. फाईल उघडण्याची विनंती केली असता संचालन-प्रणाली आज्ञावलीच्या हाती एक लहानसा पूर्णांक ठेवते. पुढील सर्व वाचन-लेखन त्या अंकाच्या द्वारे चालते. युनिक्स परंपरेतील प्रणालींत प्रघाताने ० हा येणाऱ्या मजकुराचा, १ हा बाहेर जाणाऱ्या मजकुराचा व २ हा चुकांच्या निवेदनाचा क्रमांक होय.

ती खूण कोणी सांभाळावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची उभारणी आरंभिली. त्या प्रारंभीच्या रचनेत खूण प्रत्येक प्रक्रियेच्या, म्हणजे चालू असलेल्या आज्ञावलीच्या, स्वतःच्या दप्तरात असे. आज्ञा एकेक करून दिल्या जात होत्या तोवर काही बिघडले नाही. परंतु अनेक आज्ञा एका फाईलीत लिहून त्या क्रमाने चालवाव्यात व सर्वांचा मजकूर एकाच फाईलीत साठवावा, असे जेव्हा करून पाहिले गेले, तेव्हा दोष उघडा पडला.

रिची यांनी पुढे लिहिलेल्या वृत्तांतात याचे उदाहरण आहे. पहिली आज्ञा फाईलींची यादी लिहिणारी. दुसरी यंत्रावर काम करीत असलेल्यांची नावे लिहिणारी. आज्ञा स्वीकारणारा जो ‘शेल’, त्याने प्रत्येकीसाठी नवी प्रक्रिया निर्माण करून आपल्या खुणेची नक्कल तिला दिली. पहिलीने यादी लिहिली, आपली खूण पुढे नेली आणि ती संपली. खूणही तिच्याबरोबरच गेली. शेलने स्वतः एक अक्षरही लिहिले नव्हते, म्हणून त्याची खूण शून्यावरच राहिली. दुसरीच्या वाट्याला तेच शून्य आले आणि तिने नावे नेमकी यादीवरच लिहिली. आधीचा मजकूर पुसला गेला.

यावर उपाय म्हणून खुणा प्रक्रियेच्या दप्तरातून काढून एका स्वतंत्र सामाईक नोंदवहीत ठेवण्यात आल्या. तेव्हापासून रचना तीन मजली झाली: प्रक्रियेजवळ केवळ क्रमांकांची सूची, मधल्या नोंदवहीत खूण, आणि तळाशी खुद्द फाईलीची माहिती. बिल्ला दुसऱ्यास दिला तरी खूण एकच राहते.

बिल्ल्याची दुसरी प्रत करून देणारी ‘डप’ ही विनंती या मधल्या मजल्यामुळेच अर्थपूर्ण ठरते. ती फाईलीची नक्कल करीत नाही आणि फाईल नव्याने उघडीतही नाही. जुन्या क्रमांकाची नोंद जेथे आहे तेथेच बोट दाखविणारा आणखी एक क्रमांक ती देते. एका क्रमांकाने शंभर अक्षरे वाचली, तर दुसऱ्याचे वाचन एकशेएकाव्या अक्षरापासून सुरू होते. तीच फाईल दोनदा स्वतंत्रपणे उघडली तर मात्र खुणा दोन होतात, आणि लिहिणारे दोघे असल्यास ते एकमेकांच्या मजकुरावर लिहू शकतात.

नवा क्रमांक नेहमी रिकाम्या क्रमांकांतील सर्वांत लहान असतो. हा नियम शेलच्या फार उपयोगी पडला. मजकूर पडद्याऐवजी फाईलीत पाठवावयाचा असेल, तर फाईल उघडावी, १ हा क्रमांक बंद करावा व डपची विनंती करावी; ० वापरात असल्याने १ हाच क्रमांक फाईलीला मिळतो. आज्ञेला या अदलाबदलीचा पत्ताही नसतो. पण एका प्रक्रियेत अनेक कामे समांतर चालू लागली की ही युक्ती धोक्याची ठरते. बंद करणे व प्रत काढणे यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या कामाने एखादी फाईल उघडली, तर १ क्रमांक तिलाच मिळावयाचा. ‘डप२’ ही विनंती या दोन्ही क्रिया मध्ये खंड न पडू देता करते.

प्रती सोप्या झाल्या, तसा त्यांचा विसरही सोपा झाला. १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये ‘पाइप’, म्हणजे एका आज्ञेचा मजकूर थेट दुसरीकडे वाहून नेणारी नळी, आली. लिहिण्याच्या टोकाच्या सगळ्या प्रती मिटल्या तरच वाचणाऱ्याला मजकूर संपल्याचे कळते. एखाद्या प्रक्रियेकडे एकच प्रत नजरचुकीने उघडी राहिली, आणि पुष्कळदा ती वाचणाऱ्याकडेच राहते, तर बिचारा वाचणारा न येणाऱ्या मजकुराची वाट पाहत खोळंबतो. नवशिक्यांचे तास याच चुकीपायी वाया जातात.

फाईल पुसून टाकण्याचीही तीच कथा. सूचीतून नाव गेले तरी एक जरी उघडा बिल्ला शिल्लक असेल, तर मजकूर तबकडीवर जागा अडवून राहतो. तबकडी भरली म्हणून मोठी नोंद-फाईल पुसावी आणि जागा मात्र तसूभरही मोकळी होऊ नये, हा अनुभव व्यवस्थापकांना नित्याचा आहे. ती फाईल उघडी धरून बसलेली प्रक्रिया शोधून थांबवावी, किंवा तिला ती मिटावयास लावावे, म्हणजे जागा सुटते.